‘स्ट्राइक डाउन’ म्हणजे नेमकं काय रद्द झालं?

(पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी इंग्रजीतल्या एकाच क्रियापदावर बोलणार आहे : ‘स्ट्राइक डाउन’. हा विषय इंग्रजीच्या शिकवणीतला वाटेल, पण तो आपल्या घरातला आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की आपल्यापैकी अनेकांना घरून फोन येतो, ‘आपला कायदा गेला का रे?’ इंग्रजी बातमी वाचून घरच्यांना सांगणारी घरातली पहिली व्यक्ती आपणच असतो. आपण सांगतो तेच पुढे वस्तीत फिरतं. म्हणून शब्द नीट कळायला हवा.

‘स्ट्राइक’ म्हणजे मारणे, तडाखा देणे. संपालाही तोच शब्द आहे. त्याला ‘डाउन’ जोडलं की अर्थ होतो खाली पाडणे, आडवं करणे. कायद्याच्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ ठरलेला आहे : न्यायालयाने एखादा कायदा किंवा त्यातलं कलम घटनाबाह्य ठरवून निष्प्रभ करणे. यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, या क्रियापदाचा कर्ता न्यायालय असतं. संसद किंवा विधानसभा स्वतःचा कायदा मागे घेते तेव्हा इंग्रजीत ‘रिपील’ म्हणतात, मराठीत निरसन. तीन कृषी कायदे आठवा. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने त्यांचं निरसन केलं. ते स्ट्राइक डाउन कोणीच केले नाहीत. स्थगिती, निरसन आणि घटनाबाह्य ठरवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत बोलताना आपण तिन्हींना ‘रद्द’ म्हणतो आणि तिथून घोळ सुरू होतो.

दुसरी, संविधानात हे क्रियापद नाही. कलम १३ म्हणतं की मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारा कायदा शून्य ठरेल, पण जितका विरोधात जातो तितकाच. म्हणजे पूर्ण कायदा पडलाच पाहिजे असं नाही. एखादं कलम किंवा कलमातले काही शब्दही पडू शकतात. कधी न्यायालय शब्दांना हात न लावता त्यांचा अर्थ आवळतं. त्याला ‘रीड डाउन’ म्हणतात. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात दंडसंहितेचं कलम ३७७ संपूर्ण पुसलं गेलं नाही. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध त्यातून वगळले गेले, बाकी कलम उरलं.

तिसरी, स्ट्राइक डाउन झालेलं कलम छापील पुस्तकातून आपोआप निघून जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरलं. तरीही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्यावर धक्का बसल्याचं सांगितलं. दिल्लीत निकाल लागला म्हणजे तो तालुक्याच्या ठाण्यात पोहोचला, असं होत नाही.

आता आपल्या मुख्य उदाहरणाकडे येऊ. २० मार्च २०१८. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबाबत निर्देश दिले. लोकसेवकाला अटक करण्याआधी त्याच्या नियुक्ती प्राधिकाऱ्याची आणि इतरांच्या बाबतीत वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची परवानगी. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा. अटकपूर्व जामिनावरची बंदी निरपवाद नाही.

चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एकच वाक्य फिरलं : ‘अ‍ॅट्रॉसिटी रद्द झाली.’ ते खरं नव्हतं. न्यायालयाने एकही कलम स्ट्राइक डाउन केलं नव्हतं. पण ‘कायदा जागेवर आहे, काळजी कशाची?’ हेही तितकंच खोटं होतं. कायद्याचा कागद शाबूत होता, त्याची धार गेली होती. ज्या गावात पाटलाविरुद्ध तक्रार द्यायलाच हिंमत लागते, तिथे ‘आधी चौकशी, मग गुन्हा’ याचा अर्थ काय होतो हे मला तुम्हाला समजावून सांगायला नको. दबाव टाकायला, समझोता करायला, साक्षीदार फिरवायला तेवढा वेळ पुरतो.

म्हणजे कायदा न पाडताही पोकळ करता येतो, आणि त्याची बातमी ‘स्ट्राइक डाउन’ या शब्दाने येत नाही. ती ‘मार्गदर्शक सूचना’, ‘निर्देश’, ‘दुरुपयोगाला आळा’ अशा सौम्य शब्दांत येते. ‘रद्द’ शब्द दिसला की आपण खडबडून उठतो. या सौम्य शब्दांनाही तितकंच सावध व्हायला शिकलं पाहिजे.

त्या वेळी आपली माणसं उठली. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये अनेकांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८अ घातलं : प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेला परवानगीची गरज नाही. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने चौकशी आणि परवानगीचे निर्देश मागे घेतले. १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने १८अ वैध ठरवलं. मात्र तक्रारीतून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनावरची बंदी लागू होणार नाही, असंही म्हटलं. यातलं प्रत्येक पाऊल वेगळं आहे आणि प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे.

स्ट्राइक डाउन हा शेवटचा शब्दही नसतो. मद्रास प्रांतात महाविद्यालयीन जागा समाजनिहाय वाटणारा शासकीय आदेश होता. चंपकम दोराईराजन खटल्यात एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही. त्यावर तमिळ प्रदेशात आंदोलन झालं आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आलं. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. शिक्षणातल्या ज्या राखीव जागेवर आपल्यातले अनेक जण शिकले, तिचा आधार एका पाडलेल्या आदेशानंतरच्या लढ्यातून आला आहे.

हे क्रियापद आपल्या बाजूनेही चालतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतल्या जातीवर काम वाटणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. झाडू आणि संडास एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला, असे नियम स्वतंत्र भारतात छापील स्वरूपात चालत होते. ते पडले. पण ६६अ आठवा. तुरुंगाच्या आत काय बदललं, हे कोणीतरी विचारत राहावं लागेल.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली की ती पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा. कोणी केलं : न्यायालयाने, संसदेने की सरकारने? काय केलं : स्थगिती, निरसन, अर्थ आवळला, की घटनाबाह्य ठरवलं? किती : पूर्ण कायदा, एक कलम, की काही शब्द? आणि आता काय उरलं?

चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. कारण उद्या आपली एखादी बहीण ठाण्यात तक्रार द्यायला जाईल आणि समोरचा म्हणेल, ‘बाई, तो कायदा आता रद्द झालाय.’ तेव्हा ती तुम्हाला फोन करेल. तुम्हाला तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे : ताई, रद्द झालेला नाही. कलम १८अ म्हणा आणि तक्रार लिहून घ्यायला सांगा.

जय भीम.