माझे बदललेले ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासदाने आपला अनुभव सांगावा, अशी आपल्या मंडळाची चाल आहे. या जागेवरून आजवर काशीयात्रा झाली, गच्चीवरची बाग झाली, सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत काढलेले सहा महिने झाले. माझ्या अनुभवात प्रवास नाही. तो सगळा माझ्या पोटात घडला आहे, आणि त्याविषयी मी तुम्हां सर्वांशी खोटे बोलले आहे. तेव्हा आधी ते निस्तरते.

2023 च्या फेब्रुवारीत मी महिनाभर मंडळात आले नव्हते. पित्ताशयातले खडे काढले, असे मी सांगितले. माझे पित्ताशय जागच्या जागी आहे. काढले ते जठर, आणि तेही पाऊण हिश्शाहून थोडे अधिकच. त्या शस्त्रक्रियेला स्लीव्ह म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही. आपण शिवणवर्गातल्या बायका, आपल्याला हे लगेच समजेल. जठराच्या फुगीर पिशवीला उभी शिवण घालून पोलक्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात आणि उरलेले कापून बाहेर काढतात. कापलेले पुन्हा जोडता येत नाही.

खोटे का बोलले? लाजेने. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन 108 किलो होते. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो माझा 45 होता. आपल्या लोकांत 25 च्या पुढे स्थूल धरतात. साखरेच्या गोळ्या होत्या, रक्तदाबाच्या होत्या, गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि रात्री घोरता घोरता माझा श्वास थांबे म्हणून आमचे हे मला हलवून जागे करीत. नाना आहार करून झाले होते. आठ किलो उतरत आणि दहा चढत. तरीही, ‘तोंडाला आवर घालता येईना म्हणून पोटच कापून घेतले’ असे कोणी म्हणेल, या भयाने मी पित्ताशयाचा आसरा घेतला.

पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझे 29 किलो उतरलेले होते. बांगड्या हातातून गळत होत्या. ‘काय केलंत हो?’ असे जिने तिने विचारले. मी म्हणाले, ‘काही नाही, रात्रीचं जेवण सोडलं आणि सकाळी चालते.’ आपल्यातल्या एका भगिनीने ते खरे मानले. त्यांना साखरेच्या गोळ्या चालू होत्या. गोळी घ्यायची आणि जेवायचे नाही, असे त्यांनी चार-पाच दिवस केले. एके पहाटे साखर उतरून त्या न्हाणीघरात पडल्या आणि कपाळाला टाके पडले. मी मोसंबी घेऊन भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुमच्यासारखं करायला गेले हो!’ मग त्यांच्या खाटेशी बसून मी सगळे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. शेवटी इतकेच म्हणाल्या, ‘हे हळदीकुंकवालाच का नाही सांगितलंत?’ आज त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सांगावे ही त्यांचीच अट आहे.

आता शस्त्रक्रियेनंतरचे सांगते. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, तिसऱ्या दिवशी घरी आले. तो भाग सोपा. पहिल्या दिवसांत माझे माप म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे झाकण. तेवढे पाणी घोट घोट करून प्यायचे, थांबायचे, पुन्हा प्यायचे. मग नारळपाणी, ताकाची निवळ, वरणाचे वरचे पाणी. दोन आठवड्यांनी मुगाचे कढण व दूध, नंतर सगळे वाटून, नंतर मऊ, आणि दीड महिना उलटल्यावर नेहमीचे अन्न. आपल्या नातवाला उष्टावणानंतर ज्या क्रमाने भरवले, त्याच क्रमाने आजी जेवू लागली, असे आमची सून म्हणे.

चमत्कार असा की भूक लागेना. भूक लावणारा एक स्राव जठराच्या वरच्या भागात अधिक तयार होतो आणि तोच भाग गेलेला. घड्याळ लावून जेवावे लागे. भूक परत येते, हे मात्र कोणी विसरू नये. माझी आठ-नऊ महिन्यांनी आली.

ताट सगळे उलटे झाले. आपल्याकडे पहिला वरणभात, त्यावर तूप. माझ्या पोटात पाच-सहा घासांची जागा, ती भाताने भरली तर बाकीचे कोठे जाणार? दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, नाही तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. शाकाहारी घरात 60 ग्रॅम म्हणजे काय, ते मोजून पाहा. पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर दाट वरणातही साधारण तेवढीच. म्हणून आधी पनीर किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भात. प्रथिनांची भुकटीही घ्यावी लागली. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावायचा. घाईने गिळला की छातीत अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उठून मोरीकडे धावावे लागते. आमच्या जाऊबाईंच्या घरी होळीला असे झाले. ‘एवढीशीच तर आहे’ म्हणत त्यांनी पुरणपोळी वाढली. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागणार, म्हणून मी खाल्ली. मग घाम फुटला, छातीत धडधडू लागले, आणि पाहुण्यांसमोरून मला आत जावे लागले. जाऊबाई आठ महिने नाराज होत्या. त्यांच्या पोळीला नाव ठेवले असे त्यांना वाटले. खोट्याचे व्याज असे भरावे लागते.

सासूबाईंना मात्र पहिल्यापासून ठाऊक होते, आणि खरी लढाई तिथेच होती. त्यांचे वय 81. त्यांनी टंचाईचे दिवस पाहिले आहेत. ताटात शीत टाकलेले त्यांना खपत नाही, आणि वाढून घ्यायला नको म्हणणारी सून म्हणजे रुसलेली सून. मी चार घासांवर थांबले की त्या डोळ्याला पदर लावीत. शेवटी मी नातवाची लहान ताटली आणि वाटी घेतली. भरलेले ताट दिसले की त्यांचे समाधान होई आणि मला ते संपवता येई. हरितालिकेचा निर्जळी उपवास मी सोडला तेव्हा पुन्हा एक दिवस अबोला झाला. पण पाण्याची तूट मला सोसत नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले. त्यानंतर गणपतीत त्यांनीच पाहुण्यांना सांगितले, ‘हिला आग्रह करू नका. देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा देव कुठे ताट संपवतो?’ मला देवाच्या पंक्तीला बसवल्याबद्दल आमच्या ह्यांनी त्यांना हात जोडले.

न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही सांगते. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले. गंगावन लावून मी मंडळात येत होते. पुढे ते परत आले. दंडाची व पोटाची कातडी लोंबते, ती आवळत नाही. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर आहेत. लोह व कॅल्शियम एकत्र घ्यायचे नाही, मध्ये दोन तास हवेत, आणि लोहाच्या जवळपास चहाही नको. ब-12 शोषले जाण्यासाठी जठराची मदत लागते, म्हणून ते विसरून चालत नाही. शाकाहारी बायकांत ते आधीच कमी असते. वर्षाला रक्त तपासणे आलेच. लेकी-सुनांपैकी कोणी हे करवून घेतले, तर पुढे वर्ष-दीड वर्ष दिवस राहू न देण्याविषयी डॉक्टर सांगतात, तेही लक्षात असू द्यावे.

हे सर्व शल्यशास्त्र तसे जुने आहे. 1966 साली अमेरिकेतल्या आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी वजनासाठी जठर लहान करून आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रथम केली. अल्सरसाठी जठर कापलेल्या बायकांचे वजन वाढत नाही, असे त्यांनी पाहिले होते. पण माझा अनुभव असा की पोट कापता येते, दुपारचे चार वाजणे कापता येत नाही. चार वाजले की माझा हात चिवड्याच्या डब्याकडे जातो. आणि गंमत अशी, भाकरी अडकते, पनीर जड होते, पण चिवडा, बिस्किटे, आइस्क्रीम सुरळीत खाली उतरतात. वजन 77 पर्यंत आले होते, आज 80 आहे. ते तीन किलो चिवड्याचे आहेत. डबा आता वरच्या फळीवर आहे, आणि चार वाजता मी वाचनालयात येते. ग्रंथपालबाई, माझ्या वाढलेल्या वाचनाचे कारण हे आहे.

साखरेच्या गोळ्या सध्या बंद आहेत, रक्तदाबाची एक आहे. जिना चढते. रात्री ह्यांना झोप लागते. एवढे मिळाले, म्हणून मी पुन्हाही हेच करीन. पण पाच-दहा किलो उतरवायला कोणी या वाटेस जाऊ नये, आणि गेलेच तर आधी घरात सांगून जावे.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. अल्पोपाहाराला बटाटेवडा आहे, असे वासावरून कळते. मला अर्धा द्यावा, चटणी चालेल. चहा अर्ध्या तासाने. आणि जाऊबाई, तुम्ही आज आला आहात. होळीला पोळीचा एक घास मी तुमच्या हातून घेणार आहे, एकच.