दार वाजवा, विचारपूस करा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मी सातवी शिकलेली, चुलीपुढची बाई. पण मनातले बोलल्याशिवाय राहवत नाही.

तीन वर्षांपूर्वी आपल्या शेजारची एक सून हळदीकुंकवाला येईनाशी झाली. आपण म्हटले, गर्व झाला असेल. महिन्याभराने तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. देवाच्या कृपेने वाचली. "चुकून औषध पोटात गेले," असे घरच्यांनी सांगितले आणि आपणही माना डोलावल्या. ती बोच मला अजून आहे.

सरकारी आकडे सांगते. २०२२ साली देशात ४८,१७२ स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यांत २५,३०९ गृहिणी होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. तुमच्या-माझ्यासारख्याच! स्त्री-पुरुष मिळून त्या वर्षी सर्वांत जास्त आत्महत्या आपल्या महाराष्ट्रात झाल्या. कारणांत घरचे कलह पहिले, मग आजारपण. कारण सहसा एकच नसते. नवऱ्याची दारू, मारहाण, कर्ज, बाळंतपणानंतरची उदासी, शहरातले एकटेपण, असे थरावर थर चढतात. जिने एकदा प्रयत्न केला, तिला पुढेही धोका जास्त. म्हणून वाचलेल्या बाईला "नाटक करते" असे कधी म्हणू नका.

जेवणझोप उडाली, बोलणे तुटले, "माझ्यावाचून कोणाचे अडणार आहे?" असे कोणी म्हणू लागली, की जवळ बसा. सरळ विचारा, "बाई गं, जीव नकोसा झालाय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. ती हो म्हणाली, तर तिला एकटी सोडू नका. घरातली औषधे कुलपात ठेवा. ती घटका पुष्कळदा टळणारी असते. तेवढ्यात सोबत हवी.

पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला मनाच्या ताणाखालचा मानायचे असते, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे असतात. ज्याला आपण 'पागलखाना' म्हणून हसतो, ते आपल्या नागपूरचे मनोरुग्णालय याचसाठी आहे. मेडिकलमध्येही दाखवता येते. १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस, फुकट, मराठीतून बोलता येते. हा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माझे एवढेच मागणे आहे. जी बाई भजनाला दोनदा आली नाही, तिच्या दारी तिसऱ्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी जावे. चहा मागावा आणि ऐकून घ्यावे. ती सून आता भजनाला येते. तिच्याकडे आपण आधीच गेलो असतो तर!