बालवीर पथकाच्या उंबरठ्यावर

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात. नवीं पुस्तकें, नवें दप्तर, नवी छत्री यांची खरेदी आटोपते आणि मग एखाद्या शनिवारीं सायंकाळीं शाळेच्या पटांगणाच्या कडेला कांहीं अनोळखी आईबाप आपापल्या मुलाचा हात धरून उभे असलेले दिसतात. समोर तीस-बत्तीस मुलें ध्वजस्तंभाभोंवतीं नालाच्या आकारांत उभीं असतात. प्रार्थना होते, ध्वज चढतो, शिट्टी वाजते आणि त्या मुलांचे चार घोळके होतात. प्रत्येक घोळक्याचा म्होरक्या तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगाच असतो. तो खिशांतून दोरी काढतो आणि आपल्याहून लहान मुलांस गांठ कशी मारावी तें दाखवूं लागतो. कडेला उभ्या असलेल्या आईबापांच्या मनांत त्या क्षणीं एकच प्रश्न येतो: येथें शिक्षक कोठें आहेत?

प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे. शहरांतील सुशिक्षित कुटुंबास शिकवणीचा वर्ग परिचयाचा असतो. चित्रकला, तबला, पोहणें, गणित, कोणताही विषय घेतला तरी रीत एकच: पालकांनीं पैसे भरावे, गुरुजींनीं शिकवावें आणि मुलानें शिकावें. बालवीर पथकही असाच एक वर्ग असेल, अशा समजुतीनें नवें कुटुंब तेथें येतें. या समजुतीनें आलेलें कुटुंब कांहीं आठवड्यांतच निराश होतें. 'मुलगा गेला महिनाभर नुसता खेळतोच आहे,' अशी तक्रार कानावर येते आणि मूल यावयाचें बंद होतें. यांत दोष मुलाचा नसतो, बहुधा पथकाचाही नसतो. पथक म्हणजे काय हें त्या कुटुंबास कोणीं नीटपणें सांगितलेलेंच नसतें.

पथकांत वडील माणूस असतो. त्यास स्काउटमास्तर म्हणतात. परंतु त्याची जागा मुलांच्या पुढें नसून बाजूस असते, आणि हें जाणूनबुजून ठरविलेलें आहे. या चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांस दक्षिण आफ्रिकेंतील मॅफेकिंगच्या वेढ्यांत, १८९९ व १९०० या सालीं, एक गोष्ट पाहावयास मिळाली होती. गांवांतील लहान मुलांवर निरोप पोंचविण्याचें काम सोंपविण्यांत आलें, आणि तोफगोळ्यांच्या माऱ्यांतही त्या मुलांनीं तें चोख बजावलें. मुलावर खरी जबाबदारी टाकली तर तें ती उचलतें, हा त्यांतील धडा. पुढें ऑगस्ट १९०७ मध्यें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांचें एक शिबिर भरविलें. त्यांत बड्या घराण्यांतील मुलें होतीं आणि कामकऱ्यांचींही होतीं. या मुलांचे चार संघ पाडले, त्यांस पशुपक्ष्यांचीं नांवें दिलीं आणि प्रत्येक संघाचा कारभार एका मुलाच्या हातीं दिला. १९०८ सालीं त्यांचें 'स्काउटिंग फॉर बॉइज' हें पुस्तक भागाभागानें निघूं लागलें, तेव्हां तें वाचून ठिकठिकाणच्या मुलांनीं आपणहून टोळ्या बनविल्या. वडील माणसें मागाहून आलीं. मुलींनींही वाट पाहिली नाहीं. १९०९ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यास कांहीं मुली गणवेश घालून न बोलावतां हजर झाल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्यासाठीं गर्ल गाइड ही स्वतंत्र संघटना निघाली.

हिंदुस्थानांत मात्र हें दार सर्वांस एकाच वेळीं उघडलें नाहीं. १९०९ च्या सुमारास येथें पहिलीं पथकें निघालीं, तीं युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांचीं होतीं. हिंदी मुलांस त्यांत प्रवेश नव्हता. म्हणून १९१६ सालीं मद्रासेंत ॲनी बेझंट यांनीं हिंदी मुलांसाठीं वेगळी संस्था काढली, आणि त्याच सुमारास अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनीं सेवा समितीच्या बालवीरांचें काम उभें केलें. निरनिराळ्या संस्था एकत्र येण्यास स्वातंत्र्य उजाडावें लागलें. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही एक संस्था झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजीं गर्ल गाइडही तींत आल्या. ज्या पटांगणाच्या कडेला आज नवें कुटुंब संकोचानें उभें असतें, त्या पटांगणांत शिरण्याचा हक्क एका पिढीनें झगडून मिळविला आहे. या इतिहासामुळें दारांत आलेल्या कोणत्याही कुटुंबास, मग तें कोणत्याही जातीचें, धर्माचें वा प्रांताचें असो, परकें वाटूं न देणें हें पथकाचें पहिलें कर्तव्य ठरतें. बालवीराच्या प्रतिज्ञेंतही ही दृष्टि राखलेली आहे. ईश्वर हा शब्द ज्यास नको असेल त्यास त्या जागीं धर्म हा शब्द घेण्याची मोकळीक आहे.

आतां पथकाची रचना थोडक्यांत पाहावी. अगदीं लहान मुलांसाठीं कब व मुलींसाठीं बुलबुल, सुमारें दहा वर्षांपासून पुढें स्काउट व गाइड, आणि त्याहून मोठ्यांसाठीं रोव्हर व रेंजर अशा पायऱ्या आहेत. कबांच्या पुढाऱ्यास 'अकेला' म्हणतात. हें नांव रडयार्ड किपलिंग यांच्या 'जंगल बुक'मधील लांडग्यांच्या नायकाचें. किपलिंग यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईचा, आणि कथेंतील जंगल महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या शिवनीचें; तेव्हां कबांचा हा खेळ मराठी मुलास वाटतो तितका दूरचा नाहीं. स्काउटांच्या पथकांत सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो, त्याचा एक संघनायक असतो, आणि हे संघनायक एकत्र बसून पथकाचे बेत ठरवितात. मूल पथकांत येतें म्हणजे वस्तुतः एका संघांत येतें. तेथील सात मुलें त्यास सांभाळून घेतात, त्याच्याशीं भांडतात, त्याच्याकडून काम करून घेतात. 'नुसता खेळतो' असें ज्यास म्हटलें जातें, त्याचें खरें रूप हें आहे.

प्रारंभीं मुलास प्रवेशाची पायरी पुरी करावी लागते. प्रतिज्ञा, नियम, वंदन, ध्वजाची माहिती, थोड्या गांठी, थोडे प्रथमोपचार इतका तिचा आवांका. त्यानंतर दीक्षाविधि होतो. त्या दिवशीं तीन बोटें वर करून मूल प्रतिज्ञा घेतें आणि स्काउटमास्तर त्याच्याशीं डाव्या हातानें हस्तांदोलन करतात. तीन बोटें म्हणजे प्रतिज्ञेचे तीन भाग: ईश्वर व देश यांविषयींचें कर्तव्य, दुसऱ्यास साहाय्य आणि नियमांचें पालन. आईबापांनीं या विधीस अवश्य हजर राहावें. पहिल्याच दिवशीं पूर्ण गणवेश विकत घेण्याची घाई मात्र करूं नये. गणवेश आधीं आणि प्रतिज्ञा मागाहून असें झालें म्हणजे मुलास कपडा मोठा वाटतो आणि शब्द लहान.

येथवर सारें सोपें आहे. कठीण गोष्ट घरीं सुरू होते. पथक मुलास स्वावलंबन शिकवूं पाहतें, आणि घरचें प्रेम नकळत त्याच्या आड येतें. 'खरी कमाई'चें उदाहरण पाहावें. या उपक्रमांत बालवीर शेजारीपाजारीं जाऊन कांहीं काम करतो आणि मिळालेला मोबदला पथकाकडे देतो. कोणाची सायकल पुसावी, कोणाच्या कुंड्यांस पाणी घालावें, कोणाचीं जुनीं वर्तमानपत्रें रचून द्यावीं. परंतु मुलानें लोकांच्या दारीं जावें ही कल्पनाच कित्येक घरांस सहन होत नाहीं. वडील खिशांतून एक नोट काढतात आणि म्हणतात, 'हे घे, आणि अभ्यासाला बस.' मुलाची वही भरते, पथकाची पेटीही भरते; फक्त कमाई खरी राहत नाहीं. त्या वडिलांनीं मुलास एक तास वाचवून दिला असें त्यांस वाटतें. वास्तविक कोणीतरी आपल्या श्रमाचें मोल केलें, हा अनुभव त्यांनीं त्याच्यापासून हिरावून घेतलेला असतो.

शिबिराची तयारी ही याहून मोठी परीक्षा. ताट, वाटी, पेला, अंथरूण, पांघरूण, विजेरी, दोरी, दोन जोड कपडे अशी यादी पथक देतें. ती मुलाच्या हातीं द्यावी आणि पिशवी त्यासच भरूं द्यावी. पेला विसरला तर तो एक दिवस ओंजळीनें पाणी पिईल आणि जन्मभर पेला विसरणार नाहीं. आईनें रात्रीं हळूच पिशवी उघडून लाडवांचा डबा आंत ठेवला, तर तो डबा संघापुढें कसा उघडावा या विवंचनेंत मुलगा पडतो. ठेवावयाचाच असेल तर तो आठ जणांस पुरेल एवढा ठेवावा. शिबिरांत काठ्या व दोऱ्या बांधून भांड्यांची मांडणी होते, तीन दगडांची चूल पेटते आणि बहुतेक पहिल्या दिवशीं भात करपतो. तो करपलेला भात एका पंक्तीस बसून सारीं मुलें खातात. ज्या घरीं भेंडीच्या भाजीवरून रोज तंटा होतो, त्या घरचें मूल परत आल्यावर ती भाजी निमूटपणें खातें, तेव्हां आईस आश्चर्य वाटतें. त्यांत आश्चर्य कांहीं नाहीं. स्वयंपाक करणें किती अवघड आहे हें त्यास कळलेलें असतें.

परंतु मुलास मोकळें सोडणें म्हणजे डोळे मिटणें नव्हे. ४ ऑगस्ट १९१२ रोजीं लंडनहून शिबिरास निघालेल्या बालवीरांची शिडाची नाव लेज्डाउन गांवाजवळच्या समुद्रांत वादळी वाऱ्यानें उलटली आणि नऊ मुलें बुडालीं. धाडस व निष्काळजीपणा यांतील अंतर किती थोडें आहे, हें या चळवळीनें असें फार मोठें मोल देऊन ओळखलें. म्हणून नव्या कुटुंबानें निःसंकोच विचारावें. बरोबर किती वडील माणसें जाणार? त्यांचें शिक्षण झालें आहे काय? एकटा प्रौढ व एकटें मूल असा प्रसंग टाळला जातो काय? मुलींबरोबर स्त्री-पुढारी असतात काय? पाण्याजवळ कोणता बंदोबस्त आहे? जवळचा डॉक्टर कोठें आहे? चांगल्या पथकास या प्रश्नांचा राग येत नाहीं. ज्या पथकास येतो, त्या पथकांत मुलास घालूं नये. विश्वास हा मागून मिळत नसतो. तो उत्तरांतून उत्पन्न होतो. आणि एकदां तो उत्पन्न झाला म्हणजे मात्र दर दोन तासांनीं दूरध्वनि करून मुलाची चौकशी करूं नये.

कुटुंबाकडून पथकाची अपेक्षा वर्गणीपुरती नसते. स्काउटमास्तर हे बहुधा आपली नोकरी संभाळून, सुट्टीचा वेळ खर्चून हें काम करीत असतात. त्यांस मदतीची जरूर असते. आई डॉक्टर असेल तर तिनें जखम कशी बांधावी तें मुलांस एकदां दाखवावें. वडिलांस सुतारकाम येत असेल, आजोबांस झाडांचीं नांवें ठाऊक असतील, आजीस चुलीवरच्या भाकरीची हातोटी असेल, तर या साऱ्या विद्या पथकास हव्या असतात. ज्यास यांतील कांहींच येत नाहीं, त्यानें शिबिराच्या दिवशीं तांदळाचें पोतें उचलूं लागावें. याहून अधिक मदत एकच, आणि ती सर्वांत कठीण: गांठ चुकत असतांना मुलाच्या हातांतून दोरी न घेणें.

नव्या कुटुंबास हें सारें छापील पत्रकावरून कळत नाहीं, आणि स्काउटमास्तरांस प्रत्येकाशीं बोलण्यास सवड नसते. हें काम जुन्या कुटुंबांचें आहे. गेल्या वर्षीं जी आई पटांगणाच्या कडेला साशंक मनानें उभी होती, तिनें या वर्षीं नव्या आईच्या शेजारीं जाऊन उभें राहावें, तिचें नांव विचारावें, पहिल्या शिबिराच्या रात्रीं आपणांस झोंप कशी लागली नाहीं तें मोकळेपणानें सांगावें, आणि येत्या शनिवारीं आपल्याबरोबरच चला असें म्हणावें. शहरांत नव्यानें राहावयास आलेल्या, भाषेस बुजणाऱ्या कुटुंबास तर एवढ्यानेंही फार मोठा धीर येतो. आणि 'येथें शिक्षक कोठें आहेत?' असें नव्या आईनें विचारलेंच, तर समोर लहानग्यास गांठ शिकविणाऱ्या मुलाकडे तिनें बोट दाखवावें. गेल्या जूनमध्यें त्यास स्वतःच्या बुटाची नाडीदेखील बांधतां येत नव्हती, हेंही सांगावें.