देणगीदारांची दोन हजार वर्षांची यादी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गेल्या पौष महिन्यात आपल्या मंडळाची सहल जुन्नरकडे गेली होती. तिचा वृत्तान्त आपणांपुढे ठेवण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, ती आम्ही आनंदाने पाळीत आहो.

प्रथम आम्ही नाणेघाटात गेलो. कल्याण बंदराकडील माल देशावर चढे तो याच वाटेने. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. अश्वमेधादी यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण यांची त्यात मोजदाद आहे. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. ज्यांनी हत्ती दान दिले त्यांच्या मूर्ती गेल्या, पण घाटातील टाक्यांत पाणी मात्र अजून साठते.

दुसऱ्या दिवशी अडीचशेहून अधिक पायऱ्या चढून आम्ही लेण्याद्रीस पोहोचलो. गिरिजात्मजाचे मंदिर हा मूळचा बौद्ध विहार होय. शेजारच्या चैत्यगृहावर दात्याचे नाव कोरले आहे : कल्याणचा सुलसदत्त, हेरणिकाचा पुत्र. कल्याणचा हा गृहस्थ बहुधा आम्ही आदल्या दिवशी पाहिलेल्या घाटानेच आला असेल.

हे ऐकताच आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, ‘‘मग आपल्या ज्ञातीचे नाव यांत कोठे आहे काय?’’

प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर मात्र ‘नाही’ असे द्यावे लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. तथापि जुन्नर परिसरातील लेखांत जे आहे ते कमी मोलाचे नाही. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मादायाची ठेव ठेवलेली होती. श्रेणी म्हणजे व्यवसायसंघ, आजची ज्ञाती नव्हे. परंतु चार माणसांनी एकत्र येऊन विश्वासाने पैसा सांभाळावा आणि लोकांच्या उपयोगी लावावा, ही रीत मात्र आपल्या ओळखीची आहे.

तिसऱ्या दिवशी शिवनेरी. शिवनेरी म्हटले की १६३० साली झालेला शिवछत्रपतींचा जन्म आठवतो, आणि तो आठवावाच. पण त्याच डोंगराच्या कड्यात त्याहून कितीतरी जुनी लेणी आहेत. तेथे इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली आणि चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. परदेशी म्हणविणारी माणसेही या मातीस पाणी आणि अन्न देऊन गेली.

आता जे सांगावयाचे ते सांगताना लाज वाटते. एका लेण्याच्या भिंतीवर तैलरंगाने काही नावे रंगविलेली दिसली. त्यांतील एक आडनाव आपल्याच ज्ञातीतील होते. सकाळी ज्यांनी आपले नाव शोधले, त्यांनाच ते संध्याकाळी अशा रूपाने सापडले! ते वडीलधारे गृहस्थ बराच वेळ तेथे उभे राहिले. मग मुलांना जवळ बोलावून एवढेच म्हणाले, ‘‘द्यावे आणि मग नाव लिहावे. न देता लिहू नये.’’

१९५८ च्या पुरातन वास्तूंविषयीच्या कायद्याने असे कृत्य हा गुन्हा ठरतो. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा त्या गृहस्थांचे बोल मुलांच्या मनात अधिक काळ राहतील, अशी आमची खात्री आहे.

आमची विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक तरी जुने स्थळ मुलांसह पाहावे. फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या गावचा वीरगळ, वेशीचा दगड, जुनी बारव यांपासून आरंभ करावा. लेख असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे, त्यास शेंदूर वा खडू लावू नये, आणि गावातील वृद्धांकडून मिळेल ती हकीकत टिपून मंडळाकडे धाडावी.

प्रत्येक स्मरणिकेप्रमाणे याही स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी छापली जाईल. ती वाचताना जुन्नरची ती दगडातील यादी आपणांस आठवावी, आणि आपल्या नावापुढेही कोणाच्या तरी उपयोगी पडणारे एखादे टाके असावे, अशी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.