टंकाई राहिली, त्याची गोष्ट



निवृत्तीच्या वर्षी आम्ही चौघे मित्र कोपरगावहून पॅसेंजरने अनकाईला गेलो. एका दिवसात अनकाई-टंकाई दोन्ही करायचे, असा बेत. जैन लेणी पाहिली, अनकाई चढलो, वर अगस्ती ऋषींचं दर्शन घेतलं. समोर हडबीची शेंडी! खिंडीत परतलो तर एकाचा गुडघा धरला. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. कोणीच गेलं नाही. तिथेच भाकरी सोडली.

तोच मित्र आज आपल्या तिसऱ्या मजल्यावर अडकलाय. आणि लिफ्टच्या ठरावाला खर्चाचं कारण देऊन विरोध केला तो मी! बँकेत जन्मभर हिशेब केले, हा मात्र चुकला. येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव मीच मांडणार आहे. आपण अनुमोदन द्यावं, ही विनंती.