घाटघरची वाट आणि एका राणीचे नाव
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मंडळातल्या आम्ही सातजणी माघ महिन्यात घाटघरला जाऊन आलो. त्याविषयी चार शब्द मी बोलावे असा आग्रह झाला. व्याख्यान देण्याचा माझा वकूब नाही. पाहिले ते सांगते.

घाटघर हे जुन्नर तालुक्यातले, सह्याद्रीच्या अगदी कडेचे लहानसे गाव. जवळच जीवधन किल्ला आणि नाणेघाट. कड्यावर उभे राहिले की खाली कोकण दिसते. सुमारे 2000 वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल याच घाटाने जुन्नरकडे चढे. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकात टाकीत, असे सांगतात.

खिंडीतून थोडे उतरले की लेणे लागते. भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. केलेले यज्ञ, दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, नाणी, सारा हिशेब! मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर कोरलेली काही नावे मात्र टिकली. त्यांत राणीचे नाव आधी आणि राजा सातकर्णीचे नंतर!

रात्री ज्या आजींकडे उतरलो, त्यांनी चुलीवरची नाचणीची भाकरी वाढली. जेवताना विचारले, "बाई, त्या भितीवर लिवलंय तरी काय?" मी सांगितले. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाईचं नाव हाय व्हय! सारा जनम तिथनं गुरं हाकली, कुनी सांगितलं न्हाई." थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "माजं नाव कसं लिवत्यात, दावा की."

तेव्हा मला लाज वाटली. दिवसभर त्यांच्या घरी राहून मी त्यांचे नाव विचारले नव्हते.

घरी आल्यावर मंडळाची पहिली वही काढली. स्थापनेच्या सभेला हजर असलेल्या भगिनींची नुसती आडनावे तीत आहेत. त्यांतल्या दोघींचे स्वतःचे नाव आज कोणालाच सांगता येत नाही. पुढे कित्येक वर्षे ती वही मीच लिहिली आणि तशीच लिहिली. दोष माझा आहे.

म्हणून विनंती एवढीच. चहापूर्वी नवी वही फिरेल. प्रत्येकीने आपले नाव, पूर्ण, आपल्या हाताने लिहावे. जिला लिहिता येत नाही, तिच्याशेजारी मी बसते.