हाताचा भाव आणि वस्तादाची साथ



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, हीच आजवरची रीत. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते कारखान्यात, सार्वजनिक वाचनालयात आणि अशाच वसंत व्याख्यानांच्या मागच्या रांगेत. तेव्हा 'बदलत्या काळात काम करणाऱ्याने आपली किंमत कशी टिकवावी' या विषयावर बोला, असे चालकांचे पत्र आले, त्या वेळी आमचे युनियनमधील सहकारी हसले. म्हणाले, "किंमत मालाची असते, माणसाची नव्हे."

म्हणणे खरे आहे. परंतु ज्याच्याजवळ विकावयास श्रमाखेरीज दुसरे काही नाही, त्याला बाजारात उभे राहावेच लागते, आणि तेथे त्याच्या हाताला जो भाव येतो त्यावर घरची चूल पेटते. तो भाव पडू न देणे हे संघटनेचे काम. मात्र ज्या कामाची गरजच उरली नाही, त्या कामाला भाव मिळवून देणे कोणत्याही संघटनेच्या हाती नसते. ही गोष्ट आम्ही आयुष्यात दोनदा पाहिली. एकदा घरात आणि एकदा आम्हीच सही केलेल्या एका करारात. त्या दोन्ही हकिकती आज आपणापुढे मांडावयाच्या आहेत.

आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचे खात्यात विणकर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षी आम्ही आठवीत होतो. संपाचे बरेवाईट आज आम्ही उकरीत नाही. सांगावयाचे एवढेच, की आमचे वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. धोट्याच्या आवाजावरून साच्याचे दुखणे ओळखणारा हा माणूस गावी परतला आणि पुढे एका गोदामावर रात्रीचा पहारेकरी झाला. त्यांचे कसब खोटे नव्हते. ते एकाच यंत्राला बांधलेले होते. आपल्या कसबातला कोणता भाग दुसऱ्या कामाला लावता येईल, हे त्यांना सांगणारा कोणी भेटला नाही. एका कुशल माणसाच्या हाताला इतकी वर्षे सवय लागली, पण वाट दाखविणारा मिळाला नाही.

आम्हांला तो मिळाला. १९८४ साली भोसरीत तीन लेथ आणि एक ड्रिल मशीन असलेल्या शेडमध्ये आम्ही हेल्पर म्हणून लागलो. तेथील मुख्य टर्नरला सारे 'वस्ताद' म्हणत. पहिले चार महिने त्यांनी आम्हांला लेथच्या हँडलला हात लावू दिला नाही. ग्राइंडरवर टूलला धार लावणे, एवढेच काम. कोन चुकला की टूल परत हातात येई. आम्ही मनातल्या मनात चडफडत असू. पण धातू का कापला जातो आणि का फाटतो, हे त्या चार महिन्यांत बोटांना कळले. ते पुढे कोणत्याही यंत्रावर विसरावे लागले नाही.

त्यांनी आम्हांला एक वही घ्यावयास लावली. तीत कोणता जॉब, कोणती धातू, कोणते टूल, याच्या पुढे एक रकाना असे चुकीचा. ते म्हणत, "जमलं ते लिहू नको, पोरा. ते हाताला आठवतं. चुकलं ते लिही." वर्षभराने त्यांनी आम्हांला ड्रॉइंग शिकण्यासाठी रात्रीच्या वर्गाला धाडले. मालकाला ते रुचले नाही, कारण वर्गाच्या दिवशी आम्हांला ओव्हरटाइम करता येत नसे. वस्तादांनी त्या दिवशीचे आमचे राहिलेले काम स्वतः उरकले आणि मालकाला उत्तर दिले, "ड्रॉइंग वाचता येत नाही तो टर्नर नव्हे, नुसता हँडल फिरवणारा गडी."

तीन वर्षांनी एके दिवशी ते म्हणाले, "इथलं तुझं संपलं. आता मोठ्या कारखान्यात जा." आम्हांला वाईट वाटले, त्यांना आमचा कंटाळा आला असे वाटले. मागाहून कळले की ते स्वतः त्या कारखान्याच्या फोरमनला भेटून आमच्याबद्दल शब्द टाकून आले होते. आम्ही गेल्याने त्यांच्या शेडवरचे काम वाढणार होते, तरीही.

बंधुभगिनींनो, वस्ताद म्हणजे कोण, याची आमची व्याख्या तेव्हापासून ठरलेली आहे. जो आपली चूक आपल्याला तोंडावर सांगतो, आजच्या कामापलीकडे उद्याचे काम दाखवितो आणि वेळ येताच आपल्यासाठी चार लोकांत शब्द टाकतो, तो वस्ताद. ज्ञान पुस्तकातही मिळते. या तीन गोष्टी मात्र माणसाकडूनच मिळतात.

येथे कोणी म्हणेल, की हा जुन्या गुरुबाजीचाच प्रकार झाला. ही शंका रास्त आहे, आणि आमच्या चळवळीला तिचा कडू अनुभवही आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी जॉबर असे. नवा माणूस तोच भरती करी, काम तोच शिकवी आणि कामावरून काढणेही त्याच्याच हाती असे. शिकविणे आणि पोट, दोन्ही दोऱ्या एकाच मुठीत. त्यातून दस्तुरी आली, लाच आली, जॉबरच्या घरची कामे आली. शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घ्यावा अशी शिफारस केली, ती याचसाठी. या इतिहासातून एक नियम निघतो : ज्याच्या मुठीत आपली भाकरी आहे, त्याच्याकडून काम शिकावे, पण आपला एकमेव वस्ताद तो असू नये. आपण प्रश्न विचारला म्हणून ज्याला आपले नुकसान करता येत नाही, अशा माणसालाच आपले अज्ञान मोकळेपणाने दाखविता येते.

आता दुसरी हकिकत. ती आमच्या चुकीची आहे.

मोठ्या कारखान्यात आम्ही दहा वर्षांत टर्नरचे युनियन प्रतिनिधी झालो. १९९७ च्या सुमारास तेथे सीएनसी यंत्रे आली. हँडल गेले, आकडे आले. साध्या लेथवर माणूस हाताने टूल पुढेमागे सरकवितो; सीएनसीवर तेच काम आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांप्रमाणे यंत्र करते. जुन्या कामगारांच्या पोटात गोळा उठला. आम्ही व्यवस्थापनाशी भांडून करारात कलम घातले, की चाळिशीवरच्या कोणाही कामगारावर नव्या यंत्राची सक्ती होणार नाही आणि त्याचा पगारही कमी होणार नाही. गेटवर सभा झाली. आम्हांला हार घातले गेले.

त्या रविवारी आम्ही मोठ्या अभिमानाने वस्तादांकडे गेलो. त्यांनी कलम दोनदा वाचून घेतले आणि म्हणाले, "शिकायचं नाही असा हक्क मागितलास होय रे? शिकवलंच पाहिजे, असा का नाही मागितलास?" आम्ही त्यांच्याशी वाद घातला. ते काही बोलले नाहीत.

पाच वर्षांनी साध्या लेथचा सेक्शन बंद झाला. ज्यांना नवे यंत्र येत होते ते राहिले. ज्यांचे आम्ही रक्षण केले होते, त्यांच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. त्यांत आमच्या शेजारच्या लेथवरचे एक सहकारी होते, हाताने काम करण्यात आमच्याहून सरस. सही करताना ते एवढेच म्हणाले, "तुम्ही आम्हाला जपलंत, साहेब." आजवर 'अरे' म्हणणारा मित्र त्या दिवशी 'साहेब' म्हणाला. त्यात टोमणा होता की नव्हता, हे आम्ही त्यांना कधी विचारू शकलो नाही.

त्यानंतर जेथे जेथे आम्ही वाटाघाटीला बसलो, तेथे पगार व बोनस यांच्या जोडीला तिसरी मागणी ठेवली : शिकण्याचे तास, आणि तेही पगारी. 'कामगाराने काळाप्रमाणे बदलावे' हा उपदेश मालकवर्ग फार प्रेमाने करतो. बदलावे हे कबूल. पण यंत्र बदलण्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबात आणि माणूस बदलण्याचा खर्च माणसाच्या झोपेतून, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

दुसरे असे केले की, जुना आणि नवा माणूस यांची जोडी लावली. एका कारखान्यात पाहिलेले उदाहरण सांगतो. एक तरुण मुलगा सीएनसीवर पातळ कड्या काढीत होता. प्रोग्राम बरोबर, यंत्रावर असताना माप बरोबर. पण कडी चकमधून सोडली की तिची गोलाई बिघडे. तो दोन दिवस प्रोग्रामच तपासत राहिला. साध्या लेथवर जन्म काढलेल्या एका गृहस्थांनी कडी हातात फिरवून सांगितले, "आकडे बरोबर आहेत, मूठ चुकली." चकची पकड घट्ट असल्याने पातळ कडी दबत होती आणि सोडताच पुन्हा फुगत होती. त्यांनी पकडीचा दाब कमी करावयास लावला आणि कडीला चहूकडून सारखे धरतील असे मऊ जबडे कापून घ्यावयास सांगितले. काम जमले. त्याच आठवड्यात त्या मुलाने त्यांना पडद्यावरचा प्रोग्राम ओळीओळीने समजावून दिला. कोण कोणाचा वस्ताद? दोघे एकमेकांचे. केस पिकल्यावर तरुणाकडून शिकण्यात कमीपणा नाही, हे ज्याने ओळखले त्याच्या हाताचा भाव सहजी पडत नाही.

आपल्यांपैकी पुष्कळजण कारखान्यातले नसतील. कोणी पेढीवर हिशेब लिहितात, कोणी रुग्णालयात परिचारिका आहेत, कोणी दुकान चालवितात. आमची वही आपल्यालाही चालेल. वर्षातून एकदा दोन याद्या कराव्यात : आपले कोणते काम उद्या यंत्र करील, आणि आपल्या कामातली कोणती समज दुसऱ्या कामातही उपयोगी पडेल. पहिली यादी पाहून घाबरू नये. दुसरी यादी घेऊन वस्तादाकडे जावे. जाताना 'मला मार्गदर्शन करा' असे मोघम बोलू नये. 'हे माझे काम, येथे मी चुकतो, कारण सांगा,' असे म्हणावे. ज्याला सारे समजते तो चुकीकडे पाहून लगेच बोलू लागतो.

आपली मुले शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात जात असतील, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्यांना कामगार मानीत नाही, शिकणारे मानतो. मग त्यांना शिकविले जाते की नुसते राबविले जाते, हे विचारण्याचा अधिकार आईबापांना आहे. मुलगा घरी आला की 'दमलास का?' याबरोबर 'आज काय नवे शिकलास?' हेही विचारावे. महिनाभर उत्तर आले नाही, तर आमच्यासारख्या कोणाला तरी येऊन भेटावे.

शेवटी एक विनंती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे १८९० साली गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली. त्या रविवारातला एक तास आम्ही या गावाकडे मागतो. येथल्या वाचनालयात निवृत्त टर्नर, फिटर, वायरमन, मुनीम, शिक्षिका यांनी सकाळी येऊन बसावे आणि ज्याला जे अडले असेल त्याने ते घेऊन यावे. फी नाही, प्रमाणपत्र नाही. एक टेबल, चार खुर्च्या आणि चुकीच्या रकान्याची एक वही पुरे आहे. चालक मंडळींनी जागा दिली, तर पहिल्या रविवारी आम्ही स्वतः हजर राहू.

वस्ताद आज नाहीत. शेवटच्या आजारपणात आम्ही त्यांना भेटावयास गेलो, तेव्हा युनियनमध्ये आम्हांला कोणते पद मिळाले हे सांगू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "ते राहू दे. तुझ्या हाताखाली तयार किती झाले?" त्या दिवशी आम्हांला दोनच नावे सांगता आली. ती संख्या वाढविण्याच्या कामात आपण हातभार लावावा, एवढेच मागणे आहे.